अज्ञात आवाज, कराड

या गोष्टीत मी कुठे कुठे रडायला हवं होतं, ते मला नीट ठाऊक आहे. एसटी स्टँडवरच्या फलकावर गावांची नावं वाचावीत तशा त्या जागा मी वाचून दाखवू शकते. गाडी मात्र त्या गावांना जात नाही. तेव्हा वाचणाऱ्याने माझ्या वतीने काय ते वाटून घ्यावं; मी फक्त झालं ते सांगते.

विश्वगान स्पर्धेत पूर्वी काय चालायचं ते सगळ्यांनी पाहिलंय. एका वर्षी नॉर्वेचा कुणी दाढीवाला अनवाणी गाऊन जिंकला. पुढच्या वर्षी निम्म्या देशांचे गायक चपला बाहेर काढून आले. एकीने रडत गाऊन बक्षीस नेलं, तर पुढची दोन वर्षं मंचावर सुतकच. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, आणि यात्रेत गाडा एक, बाकी नळेच. प्रेक्षक कंटाळले, जाहिरातदार त्यांच्याही आधी कंटाळले, आणि मग आयोजकांनी ‘वंशावळ’ आणली.

वंशावळ म्हणजे गाण्याची सोयरीक शोधणारं यंत्र. ते शब्द बघत नाही, वाद्यं बघत नाही. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना आवाज किती चढला, किती उतरला, कुठे रेंगाळला, कुठे श्वास घेतला, एवढंच मोजतं. मग जगात जे जे म्हणून मुद्रित होऊन राहिलंय, जुन्या तबकड्या, रेडिओ, सिनेमे, लोकांनी चढवलेले बारशाचे व्हिडिओसुद्धा, त्या सगळ्याशी ताडून सांगतं की तुमच्या गाण्यातला हा तुकडा अमक्याचा नातू आणि तो तुकडा तमक्याचा पणतू. शेवटी एक आकडा येतो. त्याला आयोजकांनी भारदस्त नाव दिलंय. आम्ही सगळे सरळ ‘उसनेपणा’ म्हणायचो. तो दहा टक्क्यांच्या खाली असला तरच लिस्बनच्या अंतिम फेरीत प्रवेश.

माझा आला एकतीस.

मी ऋजुता फडतरे, कराडची. भारताच्या निवडफेरीत पहिली आलेली. गाणं माझं, शब्द माझे, चाल वर्षभर घासून बसवलेली. गाण्याचं नाव होतं ‘मी माझी’, हे इथे सांगायलाच हवं.

‘‘एकतिसातले सहा इकडचे तिकडचे आहेत, ते काढता येतील,’’ आमच्या चमूच्या प्रमुख देवयानी सबनीस म्हणाल्या. पुण्यातल्या त्यांच्या ऑफिसात आम्ही दोघीच होतो. ‘‘पण पंचवीस एकाच ठिकाणचे आहेत. कोण आहे हा माणूस?’’

त्यांनी पडद्याला बोट लावलं. लग्नाचा जुना व्हिडिओ. नवरा-नवरीची नावं होती, गाणाऱ्याचं नव्हतं. यंत्राने नोंद केली होती, ‘अज्ञात आवाज, कराड’. कुणीतरी खोकत होतं, एक पोर भोकाड पसरून बसलं होतं, आणि त्या सगळ्या गोंगाटावरून एका पुरुषाचा आवाज मंगलाष्टक म्हणत चढत होता.

‘‘आमचे आप्पा,’’ मी म्हणाले.

आप्पा म्हणजे दिनकर फडतरे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. साताऱ्यापासून विट्यापर्यंतच्या गाड्या माइकवरून पुकारण्यातच सगळी नोकरी सरली. आमच्याकडे लग्नात ज्याला थोडाफार गळा आहे असा कुणीही नातलग भटजींच्या शेजारी उभा राहून एखादं मंगलाष्टक म्हणून घेतो, आणि पाहुणे मुठीत अक्षता धरून ‘सावधान’ची वाट बघत सोसतात. आप्पांचं मात्र लोक सोसत नसत, ऐकत. ते दोन्ही घरच्यांची नावं गुंफून नवं कडवं करायचे. चाल त्यांची एकच, आमच्या घरची. कडव्याचा पहिला अर्धा भाग ते म्हणायचे, दुसरा अर्धा मी; मी नसले की दोन्ही तेच. माझं तोंड माइकला पोचत नव्हतं तेव्हा मला खुर्चीवर उभं करायचे.

आणि तीच चाल ‘मी माझी’च्या पाठी लागली होती. मला पत्ताही नव्हता.

मी चाल बदलून पाहिली. तीनदा बदलली. दर वेळी ती फिरून फिरून आप्पांच्या दाराशी यायची. तेव्हा देवयानीताईंनी मेंदूच्या डॉक्टर नेर्लेकरांचं नाव काढलं.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते सोपं आहे. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. ती चिक्कीच्या पाकासारखी असते. एरवी घट्ट, पण दर वेळी आठवली की मऊ पडते, आणि मेंदू ती पुन्हा घट्ट बसवतो. बसवायला प्रथिनं लागतात. डॉक्टरांचं औषध ती प्रथिनं तयार होणं काही तास थांबवतं. तेवढ्यात एखादी चाल तुम्हाला ऐकवली, म्हणजे तिची आठवण उघडली, की ती पुन्हा बसतच नाही. विरघळून जाते. माणूस, प्रसंग, नाव, सगळं राहतं. फक्त चाल जाते.

‘‘पण आठवण पूर्ण उघडायला हवी,’’ ते म्हणाले. ‘‘व्हिडिओत एकच कडवं आहे, तेही गोंगाटात. मूळ माणूस समोर गाईल का?’’

म्हणून मी घरी फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे धाकट्या बहिणीने, केतकीने टीव्हीचा आवाज बारीक केल्याचं कळलं.

‘‘म्हंजी मी म्हणायचं आणि तू इसरायचं?’’ आप्पा म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘मला ओळखशील न्हवं?’’

‘‘ओळखीन की. फक्त चाल जाईल.’’

मग ते म्हणाले, ‘‘मार्गशीर्षात केतकीचं लगीन हाय. आपण दोघांनी म्हणायचं ठरलंय.’’

हे काही परवा ठरलेलं नव्हतं. केतकी पाळण्यात होती तेव्हाच आप्पांनी जाहीर केलं होतं की हिच्या लग्नात भटजींनी गप्प बसायचं, फडतरे बापलेक म्हणतील. आई गेली त्या वर्षी तर त्यांनी केतकीला तसा शब्दच दिला होता.

‘‘तोवर पुन्हा शिकवा मला,’’ मी म्हणाले. मला ते तेव्हा सोपं वाटत होतं.

‘‘मग येतो की. सकाळच्या गाडीनं येतो.’’

ते लग्नाला घालतात ते जाकीट घालून आले. मला सलाइन लावून खाटेवर निजवलं होतं. डॉक्टरांनी आप्पांना खुर्ची दिली.

‘‘बसून मंगलाष्टक म्हणत न्हाईत,’’ आप्पा म्हणाले. ‘‘वधू-वर कोण?’’

‘‘अं?’’

‘‘नावाबिगर कसं म्हणू? चालीत नावाची जागा असती.’’

डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं, नर्सने डॉक्टरांकडे. शेवटी डॉक्टरांनी स्वतःचं आणि बायकोचं नाव सांगितलं, आणि आप्पांनी वीस वर्षांच्या संसारी माणसाचं पुन्हा एकदा लग्न लावलं. ‘‘तुझाबी भाग मीच म्हणतो,’’ ते मला म्हणाले. डोळे मिटून, कानाला हात लावून त्यांनी तीन वेळा म्हटलं. पहिल्या वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या वेळी मी लक्ष देऊन ऐकलं. तिसऱ्या वेळी खोलीत एक वयस्कर गृहस्थ उभे राहून गात होते, आणि मला त्यांच्या जाकिटाचं एक बटण तुटलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी माझ्यासमोर काहीतरी गुणगुणलं.

‘‘हे कुठलं?’’ मी विचारलं.

त्यांनी डॉक्टरांकडे बघून मान हलवली. ‘‘झालं म्हणायचं.’’ मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुपारची गाडी धरायला गेले. फलकावरची ही पहिली जागा.

एकदा झाडू हातात घेतला की कोपरे दिसायला लागतात. पंचवीस टक्के गेले तशी यंत्राला बारीकसारीक उधाऱ्या दिसू लागल्या: आरत्या, शाळेतली प्रार्थना, सिनेमाची गाणी, आईचं अंगाईगीत. एकेक ऐकवलं, एकेक गेलं. गेल्याचं दुःख होईना, कारण तेही जात होतं. गाणं ऐकताना मेंदू सतत पुढचा सूर ओळखायचा खेळ खेळत असतो. ओळखला तर बरं वाटतं, थोडक्यात चुकला तर त्याहून बरं वाटतं. हा खेळ जुन्या गाण्यांच्या भांडवलावर चालतो, आणि माझं भांडवल संपलं होतं. प्रत्येक गाणं सारखंच अनोळखी, म्हणून सारखंच बिनमहत्त्वाचं. ‘‘थोडा सपाटपणा येईल,’’ डॉक्टर म्हणाले होते. त्याप्रमाणे भरल्या वांग्याची चवही सपाट झाली. केतकीने फोनवर लग्नाचा शालू दाखवला तेव्हा मी म्हणाले, ‘‘हिरवा आहे.’’

मग मी नवं गाणं बांधलं. उसनेपणा दोन टक्के. देवयानीताईंनी पेढे वाटले.

लिस्बनमध्ये अंतिम फेरीला चौदा देश होते आणि त्यांतले अकरा जण माझ्यासारखेच धुतलेले होते. ओळखायला वेळ लागला नाही. जेवताना, जिना चढताना, हात धुताना कुणीही काहीही गुणगुणत नव्हतं. माझ्या खोलीत एस्टोनियाची लीस होती. कानातल्या दुभाष्यामुळे बोलता यायचं.

‘‘तू काय काय दिलंस?’’ तिने विचारलं.

‘‘सगळंच. पहिलं वडिलांचं.’’

‘‘माझं आजीचं,’’ ती म्हणाली. ‘‘आजी म्हणाली, गाते, पण तुझ्याकडे पाठ करून गाते.’’

‘‘मग?’’

‘‘गायली. पाठ दिसत होती.’’ तिने दिवा विझवला. फलकावरची दुसरी जागा.

चिठ्ठीत लीसला गाण्याचा पहिला क्रमांक आला. मी पडद्यामागे उभी होते. ती गाऊ लागली: दोन सूर चढून आवाज थोडा थांबला, मग श्वास संपेपर्यंत हळूहळू उतरत आला, पुन्हा चढला. मी देवयानीताईंना म्हणाले, ‘‘ही माझं गाणं म्हणतेय.’’ त्यांनी मला गप्प केलं. मग दुसरी मुलगी आली, कुठल्याशा बेटावरची. तीही माझं गाणं म्हणाली. तिसरा मुलगा चिलीचा. त्यानेही तेच.

पुढे त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. डोक्यातली सगळी गाणी काढून टाकली की मागे काय उरतं? शरीर उरतं. माणसाचा श्वास साधारण सारखाच लांब. श्वास संपताना आवाज खालीच येतो, कुणाचाही. षड्जावरून पंचमावर जाणं गळ्याला सर्वांत सोपं, तेही सगळीकडे. आम्ही जे काही वेगळे होतो ते कुणाकुणाचं ऐकून झालो होतो, आणि ते तर आम्ही धुऊन आलो होतो.

चौथ्या गाण्याला प्रेक्षक गुणगुणायला लागले. सहाव्याला सगळं सभागृह टाळ्या धरून गाऊ लागलं. जगात कुणीही कधीही न ऐकलेलं गाणं हजारो लोक तोंडपाठ म्हणत होते, आणि वर फलकावर यंत्र दाखवत होतं: उसनेपणा दोन, उसनेपणा एक, उसनेपणा तीन. यंत्राकडे आदल्या दिवसापर्यंतचीच गाणी होती ना. मी आठवी. मी गायले नसते तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या संध्याकाळची गाणी यंत्रात भरली गेली आणि आम्हा धुतलेल्या सगळ्यांचे आकडे नव्वदीच्या पुढे गेले. नियमाप्रमाणे जो आधी गायला तो मूळ, बाकीचे नकलाकार. लीस जिंकली. ती ट्रॉफी काखेत मारून आली आणि म्हणाली, ‘‘मला चिठ्ठीत एक नंबर आला. इथे सूप कुठे मिळेल?’’

कराडच्या स्टँडवर आप्पा घ्यायला आले होते. माझी बॅग त्यांनी हातातून ओढूनच घेतली.

‘‘त्या पहिल्या पोरीनं बरं म्हटलं,’’ ते म्हणाले.

‘‘आप्पा, सगळ्यांनी तेच म्हटलं.’’

‘‘व्हय. ते बी बरं म्हटलं.’’

लग्न तोंडावर आलं होतं. घरात पापडांची चळत आणि मुंडावळ्यांचे खोके. एव्हाना वंशावळ फुकट कुणालाही वापरता यायला लागली होती. रस्त्यावरची पोरंसुद्धा एकमेकांच्या शिट्ट्यांचे पूर्वज काढत होती. केतकीने मेंदीच्या हातांनी फोन पुढे केला. ‘‘आप्पा, म्हणा. तुमचीबी वंशावळ काढू. बघू तरी किती ढापलंय.’’

आप्पांनी खाकरून म्हटलं. पडद्यावर झाड उगवलं. पहिली ओळ: एका शाहिराची जुनी तबकडी. मधली चढण: मिरजेच्या कुठल्या बँडचं वरातीतलं वाजवणं. नावं घेतानाची लांबण: एका दर्ग्यातल्या कव्वालाचं रेडिओवरचं गाणं.

मला वाटलं, म्हाताऱ्याचं तोंड उतरेल. जन्मभर मिरवलेली ‘आमच्या घरची चाल’ इकडून तिकडून आणलेली निघाली होती. पण आप्पा खुर्चीतून पुढे सरकले.

‘‘अगं, ह्यो शाहीर! मसूरच्या जत्रंत ऐकलाता मी ह्याला, बापाच्या खांद्यावर बसून. आणि बँड... व्हय की, विट्याला दोन वरसं होतो तवा रोज वरात जायाची. कव्वाल ह्यो रातपाळीला लागायचा रेडिओवर.’’ एकेका नावाला ते मान लववत होते, लग्नाच्या दारात पाहुणे उतरवून घ्यावेत तसे. ‘‘एवढी माणसं हायत माझ्यात. आणि मी येडा, माझी चाल म्हणत फिरतोय!’’

ज्या तक्त्यापायी मी खाटेवर जाऊन झोपले, त्याच तक्त्याला ते हात जोडत होते. मी ते बघितलं. नोंद घेतली.

‘‘पण ही बघा,’’ केतकी म्हणाली, ‘‘दुसऱ्या भागातली एक जागा. इथे तुमच्या त्या लग्नाच्या व्हिडिओच्या मागे ‘पूर्वज आढळला नाही’ म्हणतंय. हे तरी तुमचं स्वतःचं, आप्पा!’’

आप्पांनी चष्मा लावून बघितलं. ‘‘न्हाई. ते माझं न्हाई. ते हिचं हाय.’’

‘‘माझं?’’ मी म्हणाले.

‘‘मी तुला सरळ ओळ शिकवलीती. तू पाच-सहा वरसांची. चव्हाणांच्या लग्नात खुर्चीवर उभी केलीती. मधीच तुझा दम तुटला. घाबरलीस, श्वास घेतलास, आणि भलत्याच सुरावर उतरून परत वर आलीस. मला वाटलं लोक हसतील. लोक गप झाले. बायकांनी डोळ्याला पदर लावला. मग पुढच्या लग्नापासनं मीबी तसंच म्हणाया लागलो.’’

मी माझ्या फोनवरचा निवडफेरीचा जुना निकाल उघडला. लाल केलेले ते पंचवीस टक्के केतकीने दाखवलेल्या जागेवरच होते. ते सगळे तिथेच होते. यंत्राला माणसाशी देणंघेणं नव्हतं, त्याला एक मुद्रण सापडलं होतं. अज्ञात आवाजाच्या गाण्यातली ती चूक मुळात माझी होती. माझीच चोरी मी केली, म्हणून मला दंड झाला, आणि दंड म्हणून मी ती धुऊन टाकली. माझ्याजवळ माझं म्हणण्यासारखं एवढंच होतं.

‘‘तुम्ही तिथे का नाही बोललात?’’ मी विचारलं.

‘‘कुणी इचारलंच न्हाई. आणि तू म्हणालीस, आप्पा, तुमची चाल काढायची हाय. मला वाटलं, माझंच काहीतरी आडवं येतंय तुला. मग आपण कशाला मधी बोलायचं?’’

केतकी रडायला लागली. तिला जमतं. मी तिचे मेंदीचे हात डोळ्यांपासून दूर धरून बसले.

त्यानंतर आप्पा मला रोज पेटी घेऊन शिकवायला बसले. अनोळखी चाल शिकायला मला त्रास नव्हता. ऐकलं की हुबेहूब म्हणायचे, त्यांच्या खाकरण्यासकट. अडचण त्या एका जागेची होती. आप्पा तिथे एका घाबरलेल्या पोरीची नक्कल करायचे, आणि मी त्या नकलेची नक्कल.

‘‘असं न्हाई,’’ ते म्हणायचे.

‘‘मग कसं?’’

‘‘मला तरी कुठं येतंय? मी तुझं बघून शिकलो.’’ तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी पेटी मिटली. ‘‘जाऊ दे. येतंय तसं म्हण. केतकी काय परीक्षा घ्याया बसली न्हाई.’’

लग्नाला कार्यालय गच्च भरलं होतं. नवरदेवाकडचे इस्लामपूरचे. अंतरपाट धरला गेला, पलीकडे केतकी मान खाली घालून उभी. भटजींनी ठरल्याप्रमाणे माइक आप्पांकडे दिला. आप्पांनी डोळे मिटले, कानाला हात लावला आणि पहिला अर्धा भाग म्हटला. गर्दी शांत झाली. त्यांनी माइक माझ्या हातात दिला.

मी म्हणायला सुरुवात केली. ती जागा येत होती. ती आली, आणि माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. दम तुटला नव्हता, भीतीही नव्हती. पुढचा सूर फक्त नव्हता. मी थांबले.

लोकांना वाटलं कडवं संपलं. निम्म्या मंडपाने अक्षता टाकल्या. केतकीच्या केसांत, अंतरपाटावर, भटजींच्या शालीवर तांदूळच तांदूळ. भटजींनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. मागे एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, ‘‘आगं बया, झालं व्हय लगीन?’’ मी मिळेल त्या सुरावर पाय ठेवला, तो एक पायरी वरचा निघाला, आणि तिथून घाईघाईने ‘सावधान’पर्यंत पोचले. माझे कान गरम झाले होते. इतक्या महिन्यांत मला कुठे काही झालं असेल तर ते त्या कानांना.

माइक मी आप्पांना परत दिला. आता ते सावरून घेतील असं मला वाटलं.

आप्पांनी दुसरं कडवं धरलं. नवरदेवाच्या घरच्यांची नावं आली, लांबण आली, आणि मग सरळ जाणाऱ्या त्यांच्या ओळीत, जिथे थांबायचं काहीच कारण नव्हतं, ते थांबले. मी थांबले होते तेवढेच. मग एक पायरी वरच्या सुरावर त्यांनी पाय ठेवला, जरा चाचपडत, पहिल्यांदाच जाताना माणूस चाचपडतो तसा, आणि खाली उतरून आले. डोळे त्यांचे मिटलेलेच होते. या वेळी कुणी अक्षता टाकल्या नाहीत. सगळे मुठी मिटून वाट बघत होते.

त्यांनी माइक माझ्यापुढे धरला. मी दुसरा अर्धा भाग म्हणू लागले. ती जागा जवळ आली, आणि पुढचा सूर कुठला, ते मला माहीत होतं.